पालथीबाई

लोपीसबाईंनी पहिल्या दिवशी मला नावसुद्धा विचारलं नाही. आधी माझी नखं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "झोप."

मी नवीकोरी स्टाफ नर्स. कडक इस्त्रीचा पांढरा फ्रॉक घालून, देवाच्या पाया पडून कामावर रुजू व्हायला आलेली. मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चुकतंय.

"कुठे झोपू?"

"त्या खाटेवर. पालथी."

परळच्या आमच्या हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डाच्या टोकाला एक लांबट खोली होती. ज्या मुलांना स्वतःहून श्वास घेणं जमेनासं होई त्यांना तिथे आणत. श्वास देणारी मशिनं तिथेच होती, तीही मोजकी, आणि त्या खोलीचा सगळा कारभार डॉक्टर ग्रेटा लोपीस यांच्याकडे होता. मी मुकाट्याने पालथी पडले. बाईंनी माझ्या छातीखाली एक आणि कमरेखाली एक अशा चादरीच्या गुंडाळ्या सरकवल्या, मान एका बाजूला वळवली, कान दुमडला नाही ना ते बोट घालून पाहिलं, ओठांवर चिकटपट्टी लावली आणि राउंडला निघून गेल्या. मला वाटलं, विसरल्या. येणारेजाणारे हसत होते. माझा पारा चढत होता, पण तोंडाला पट्टी, त्यामुळे चढून तरी उपयोग काय!

परत आल्या, पट्टी काढली. "काय दिसलं?"

"काहीच नाही."

"नीट आठव."

"खाटेचा पाय. फरशी. कुणाच्यातरी चपला."

"कुणाच्या?"

"काय माहीत."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "इथल्या पोरांना पण एवढंच दिसतं. म्हणून इथे नुसतं उभं राहायचं नाही. स्टूल घ्यायचं आणि पोराच्या तोंडासमोर बसायचं. त्याने डोळे उघडले तर माणूस दिसला पाहिजे. नाव काय तुझं?"

"सुलभा परब."

"परब, ऊठ. चहा पी."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी परब झाले ती झालेच. या खोलीत काम करायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या असं झोपवत. वॉर्डबॉय असो, नर्स असो, नाहीतर डॉक्टर असो. एकदा एक टायवाले डॉक्टर आले. मी एम.डी. आहे, मला हे नाटक करायची गरज नाही, असं इंग्रजीत म्हणाले. बाई म्हणाल्या, "एम.डी. लोकांनी टाय काढून झोपलं तरी चालेल." बिचारे झोपले. उठल्यावर मात्र त्यांनी स्वतःच जाऊन स्टूल आणलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मूल गुदमरायला लागलं की आम्ही सगळे त्याला उताणं ठेवून नळी घालायचो, मशीन लावायचो, ऑक्सिजन वाढवायचो आणि देवाचं नाव घ्यायचो. बाई मात्र त्याला पालथं घालायच्या. शिकायला परदेशी गेल्या होत्या तेव्हा कुठेतरी पाहून आल्या होत्या. ऐकायला सोपं वाटतं. पण तोंडात नळी, हाताला सलाइन, आणि त्या नळीच्या टोकाला त्या पोराचा जीव. ती जरा हलली तर सगळं संपलं. त्यामुळे मूल उलटायला आम्ही चौघं लागायचो. डोकं आणि नळी बाईंच्या हातात. बाकीच्यांनी खांदे, कंबर, पाय धरायचे. आणि हुकूम एक-दोन-तीनचा नसायचा. बाई पोराचं नाव तीनदा घ्यायच्या. पहिल्या नावाला धरायचं, दुसऱ्याला उचलायचं, तिसऱ्याला उलटायचं. मी एकदा विचारलं, नावच का? म्हणाल्या, "त्याला न सांगता त्याला कसं काय उलटायचं?" ते पोर बेशुद्ध असायचं, पण बाईंना काही फरक पडत नसे.

त्या उंच, हाडाच्या. गुडघ्याखाली येणारा सुती फ्रॉक, पायात काळे बूट, केस एकदम आखूड. गिरगावातल्या एका वाडीत त्यांचं लाकडी जिन्याचं घर होतं, पिढ्यान् पिढ्यांचं. ईस्ट इंडियन माणसं, मुंबईतले मूळचे ख्रिस्ती. त्या सांगत, "आम्ही इथे आलो नाही हां, आम्ही इथलेच. बाकी तुम्ही सगळे आलात." मी मालवणची, मला हे लागायचं. मी म्हणायचे, "आम्ही आलो म्हणून तुमची मुंबई चालली." त्यावर त्या हसायच्या. हसू फार कमी होतं त्यांच्याकडे, म्हणून ते मिळवण्यासाठी मी मुद्दाम भांडण काढायचे.

आणि पालथ्या पडलेल्या पोराजवळ बसल्या की या मितभाषी बाईला वाचा फुटायची. सारखं काहीतरी सांगत असायच्या, हळू आवाजात, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन. "आता बघ हां, खिडकीत कावळा आलाय. त्याच्या चोचीत काय आहे? पाव आहे वाटतं. अरे, गेला. आता परब आली. परबचं नाक लाल झालंय, कुणाशीतरी भांडून आलेली दिसते." जे त्याला दिसत नाही ते सगळं त्याला सांगायचं, असा त्यांचा नेम. त्यांच्या सबंध आयुष्यात त्या एवढ्या कुणाशी बोलल्या असतील असं मला वाटत नाही.

गिरण्यांचा संप सुरू होता तेव्हाची गोष्ट. माझे वडील पण साच्यावर काम करणारे, तेव्हा ते घरात बसलेले. आमच्या लालबागच्या चाळीत सगळेच बाप घरात बसलेले. सकाळी भोंगा नाही, त्यामुळे कुणाला उठायची घाई नाही. गॅलरीत बनियनवर उभी राहिलेली ती माणसं पाहिली की मी उगाच आईवर डाफरायचे. त्या दिवसांत आमच्या खोलीत सुनीता आली. मोरे नावाच्या गिरणीवाल्याची मुलगी. गोवर छातीत उतरलेला. मशीन लावूनही नखं निळी. बाईंनी तिचं नाव तीनदा घेतलं आणि आम्ही तिला पालथी केली.

मोरे दारात येऊन पाहतात तो मुलीचं तोंड खाली. त्यांनी जो हंबरडा फोडला तो मी विसरणार नाही. त्यांना वाटलं, सगळं आटोपलं. आमच्यात बाळ आपल्या आपण पालथं पडलं की कोण कौतुक होतं. पण आजारी पोराला कुणी हाताने पालथं घातलं तर आईबापांच्या काळजात चर्र होतं.

बाई त्यांना जिन्यात घेऊन गेल्या. पायरीवर बसवलं, स्वतः बसल्या.

"लग्नाच्या आधी कुठे राहायचात?"

"गाळ्यात, बाई. गाववाल्यांबरोबर."

"किती जण?"

"धा-बारा तरी असतील."

"एकाच वेळी झोपायचात?"

"नाय वो. पाळीपाळीनं. रातपाळीवाला आला की दिवसपाळीवाला उठायचा."

"तसंच आहे. फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. उताणं ठेवलं की सगळं पाणी, सगळं वजन त्याच्या अंगावर येतं. तो दबलेला भाग उठतच नाही. पालथं घातलं की त्याला उठायला जागा मिळते. कळलं?"

मोऱ्यांनी डोळे पुसले. "कळलं. पण बाई, आता तर समदेच घरी हायत. कुणी उठतच नाय."

 बाई तशाच त्यांच्याजवळ पायरीवर बसून राहिल्या. दुपारपर्यंत सुनीताची नखं गुलाबी झाली आणि पुढे ती बापाच्या कडेवर बसून घरी गेली, बाईंना जीभ दाखवून.

मी बाईंच्या घरी पहिल्यांदा गेले ती एका नाताळात. त्यांची आई खुर्चीत बसलेली, पांढरीशुभ्र, कानात सोन्याच्या जड कुड्या. भाऊ-बहिणी सगळे कॅनडात. भिंतीवर त्यांचे फोटो, बर्फात उभे राहिलेले. म्हातारीने मला हाताला धरून बसवलं आणि तक्रार सुरू केली. "ही बग, लोकांच्या पोरांजवल बसते. माझ्याजवल बसाला हिला वेळ नाय. एक मुलगा बगाला आलेला हिला, चांगला बँकेतला. हिने त्याची नखं बगली नं सांगितलं, आधी छातीचा फोटो काढ."

"मग?" मी हसू दाबत विचारलं.

"मग काय! टीबी निंगाला त्याला. बरा झाला नं दुसरीशी लगीन केलं."

बाई आतून ओरडल्या, "ममा, पुरे!" पण कान लाल झाले होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बाईंनाही कधीतरी कुणीतरी आवडलं असेल. आणि आपण त्या खोलीतून घरी जातो तेव्हा आपल्या चाळीत दहा माणसं वाट पाहत असतात, यांच्या घरी एक खुर्ची. परत येताना मला फार वाईट वाटत होतं.

संप मिटलाच नाही, नुसता विरून गेला. काही जण गावी गेले, काही जणांनी भाजीच्या टोपल्या घेतल्या. त्याच सुमारास राण्यांचा संदीप आमच्याकडे आला. चार वर्षांचा, गोरागोमटा, न्यूमोनियाने दोन्ही बाजू भरलेल्या. बाप संपाच्या काळात वारला होता. आई खानावळीत पोळ्या लाटायची. त्यामुळे हॉस्पिटलात आजी. राणेआजी म्हणजे पक्की मालवणी, नऊवारी, कपाळाला भलंमोठं कुंकू, बोलायला लागली की समोरचा गप्प. बाई नियम मोडून जवळच्या माणसाला आत बसू देत. पोराने डोळे उघडले तर ओळखीचा चेहरा दिसावा म्हणून. मोठ्या डॉक्टरांना हे अजिबात पसंत नव्हतं. पण बाई कुणाचं ऐकतील तर ना!

संदीपला पालथं घातलं आणि तो सुधारायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याने एक डोळा उघडून आजीकडे पाहिलं. आजीला रडू आवरेना. बाईंनी तिला बजावून सांगितलं होतं, "आजी, नुसतं बघायचं. हात लावायचा नाही. काय पाहिजे ते मला सांगा."

दुपार होती. बाई स्टुलावर, आजी त्यांच्या मागे खुर्चीत. मी शेजारच्या खाटेवरच्या मुलीच्या नळीतला कफ काढत होते, हात सोडता येण्यासारखा नव्हता. इतक्यात शिपाई आला. बाईंचा घरून फोन आहे, आई पडली आहे. बाई उठल्या. त्यांचा नियम त्यांनीच मोडला. कुणी आल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम. फोन समोरच्याच खोलीत होता. जाताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आलेच मी."

आजीने सकाळी गावदेवीच्या देवळातून अंगारा आणला होता. कागदाच्या पुडीत, पदराला बांधून. कपाळाला तिने तो केव्हाच लावला असता, पण तिला तो छातीला लावायचा होता. पोराचा श्वास छातीत अडकलेला, मग अंगारा छातीलाच नको का? आणि छाती तर खाली. मी मान वर केली तेव्हा तिचे दोन्ही हात संदीपच्या अंगाखाली गेले होते. मी ओरडले. तोवर तिने त्याला प्रेमाने, अगदी घरी पाळण्यातल्या बाळाला करावं तसं, उताणं केलं होतं आणि नळी बाहेर आली होती.

बाई धावत आल्या. आजीला मी बाहेर काढलं. बाईंनी नळी परत घातली, छाती दाबली, सगळं केलं. संदीप परत आला नाही. बाईंनी त्याच्या छातीवरचा अंगारा पाहिला, स्वतःच्या रुमालाने पुसला आणि रुमाल खिशात घातला.

मग बाहेर गेल्या. आजी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती, पुडी मुठीत घट्ट धरून. "काय झाला गो बाय? माझ्या नातवाक काय झाला?"

"नळी सुटली," बाई म्हणाल्या. "मी जागेवरून उठले होते. माझी चूक झाली."

आजीने एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि मग जे बोलायला लागली ते सबंध वॉर्डाने ऐकलं.

चौकशी झाली. मोठ्या डॉक्टरांना घाई होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं, नातेवाइकाने हात लावला असेल, तसं लिहा, फाइल बंद. माझंही तेच म्हणणं होतं. मी बाईंना गाठलं आणि तावातावाने म्हटलं, "मी पाहिलंय सगळं. मी सांगणार."

"सांगणार? कुणाला?"

"सगळ्यांना! तुम्ही का मरायचं उगाच?"

"परब, फाइलमध्ये लिहिलं की घरच्यांना कळवतात. सून विचारेल, काय झालं. मग ती म्हातारी त्याच घरात, त्याच सुनेच्या हातचं कशी जेवेल? तिला हे कधीच कळता कामा नये. तू मला शब्द दे."

"आणि तुम्ही?"

"मी उठले होते ना? ते काय खोटं आहे?"

माझा राग गेला नव्हता, तरी मी शब्द दिला. चौकशीत बाई म्हणाल्या, पालथं घालण्यात काही चुकलं नाही, मी जागा सोडली हे चुकलं, तेव्हा ती पद्धत बंद करू नका, मला बंद करा. लोकांनी बरोबर त्यांचं अर्धंच ऐकलं. त्यांना त्या खोलीतून काढून तळमजल्यावर लसी टोचायच्या खिडकीत बसवलं. खोलीत पद्धत काही दिवस चालली, मग स्टुलावर बसायला माणूस मिळेना, मग मुलं पुन्हा उताणी. कुणी बंदी घातली नाही आणि कुणी चालूही ठेवली नाही.

बाई रोज लसी द्यायच्या. रडणाऱ्या पोरांना खिडकीतला कावळा दाखवायच्या. पण पोरं टोचून घेऊन लगेच आईच्या खांद्यावर पडून निघून जायची, कुणी थांबायचं नाही. दुपारी डबा घेऊन मी खाली जायचे. मी बडबडायचे, त्या ऐकायच्या. वरच्या खोलीबद्दल त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. फक्त एखाद्या वेळी माझा चेहरा बघून म्हणायच्या, "गेलं का कुणी?" आणि मी हो म्हटलं की डब्याचं झाकण लावायच्या.

आणि राणेआजी हॉस्पिटलच्या गल्लीच्या तोंडाशी लिंबं-कोथिंबीर घेऊन बसायला लागली. घर चालवायला कुठेतरी बसायचंच होतं, ती इथे बसली. सकाळी बाई बसमधून उतरून गल्लीत शिरल्या की तिचा आवाज चढायचा. "इली बघा पालथीबाई! माझ्या नातवाक पालथो घालून मारल्यान! बघा, बघा, चेडवांनो, तुमची पोरा हिच्याकडे देव नुको!" लोक थांबून बघायचे. बाई थांबायच्या. तिचं पूर्ण होईपर्यंत, मान जरा खाली घालून. मग पुढे जायच्या. हॉस्पिटलला मागचं फाटक होतं, तिथून आलं तर आजी दिसलीही नसती. मी कितीदा तरी सांगितलं.

"तिला काहीतरी करू दे," बाई म्हणायच्या.

मला त्या म्हातारीचा संताप यायचा. मी तिच्यासमोरून जाताना जीभ चावून जायचे, कारण माझ्या तोंडात एकच वाक्य असायचं आणि ते बाहेर पडलं तर तिचं सगळं संपलं असतं. एकदा मी तिच्याकडे लिंबं घ्यायला थांबले, मुद्दाम, भांडायलाच. तिने चार निवडून दिली, मग माझ्याकडे बघत राहिली. "तू थय होतंस ना?" मी म्हटलं, "होते."  तिने पाचवं लिंबू फुकट टाकलं आणि कोथिंबिरीवर पाणी मारायला लागली. मी न भांडताच घरी आले.

बाईंची आई गेली तेव्हा मी गिरगावात गेले होते. कॅनडावाले कुणी पोचू शकले नाहीत. वाडीतली माणसं होती, पाद्री होते. बाई दारात उभ्या राहून आलेल्यांना धन्यवाद देत होत्या, जणू काही त्या स्वतः त्या घरच्या नव्हेत. दुसऱ्याच दिवशी कामावर आल्या. गल्लीत आजीने नेहमीसारखं सुरू केलं. बाई थांबल्या. त्या दिवशी त्या जरा जास्तच वेळ थांबल्या, आजीचं बोलून झाल्यावरसुद्धा. आजीच चमकली. "काय बघतंस?" म्हणाली, आणि तिने तोंड फिरवलं.

एके दिवशी आजी बसायला आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. डबा खाताना बाईंनी हळूच विचारलं, "परब, ती कुठे गेली गं? तुमच्या लालबागलाच राहते ना?" मी चौकशी केली. ताप होता. बाईंनी माझ्याजवळ गोळ्या दिल्या, कुणी दिल्या हे न सांगण्याच्या अटीवर. आजी बरी होऊन परत आली तेव्हा तिचा पहिला आवाज ऐकून बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला सुटका म्हणावं की काय, मला कळेना. एवढ्या मोठ्या शहरात रोज सकाळी त्यांची वाट बघणारं तेवढंच एक माणूस होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि मी वॉर्डात जाऊन रडले.

वर्षं गेली. बाई निवृत्त झाल्या. गिरण्या पाडल्या, त्या जागी काचेचे टॉवर आले. आमच्या खोलीत नवी मुलं आली, डॉक्टर. एक दिवस त्यातला एक जण मला उत्साहाने सांगायला लागला, सिस्टर, आता नवीन निघालंय, मुलाला पालथं घालायचं, ऑक्सिजन एकदम वाढतो. मी म्हटलं, "हो का? मग आधी तुम्ही झोपा त्या खाटेवर." त्याला वाटलं म्हातारी चळली. पण झोपला.

मीही निवृत्त झाले होते तेव्हा राण्यांची सून माझ्या दारात आली. आजी अंथरुणाला खिळली होती. फुप्फुसात पाणी, फार दिवस नव्हते. "त्या डॉक्टरीणबाईंना घेऊन या म्हणतात. दुसरं काही बोलतच नाहीत," सून म्हणाली. मला धडकी भरली. मी गिरगावात गेले. बाई खुर्चीत बसल्या होत्या, आईच्याच. मी सांगितल्यावर लगेच बूट घातले.

लालबागच्या त्या चाळीचे तीन जिने त्यांनी कठड्याला धरून, थांबत थांबत चढले. आजी भिंतीशी उशांवर रेलून बसवलेली होती, श्वास वर लागलेला. बाई तिच्याजवळ खाली बसल्या. आजीने हात हलवून सुनेला चहा टाकायला आत पाठवलं. मला मात्र राहू दिलं.

"खरा सांग," ती म्हणाली. एकेक शब्दाला थांबत होती. "मी तेका उताणो केलंय. म्हणान गेलो ना तो? माझ्या हातान गेलो?"

आत स्टोव्हचा आवाज येत होता. मी बाईंकडे बघू शकले नाही.

"नाही, आजी," बाई म्हणाल्या. "नळी आधीच सुटली होती. मी उठले तेव्हाच. तुम्ही हात लावला तेव्हा तो गेलेला होता."

हे मात्र खोटं होतं. मी बाईंना ओळखत होते त्या सगळ्या वर्षांत त्यांनी बोललेलं, माझ्या माहितीतलं, हे पहिलं खोटं.

आजी त्यांच्याकडे बघत राहिली.  मग म्हणाली, "म्हणजे मी तुका इतकी वर्सां गाळी घातलंय, ता बरोबरच झाला."

"बरोबरच झालं," बाई म्हणाल्या.

आजीने डोळे मिटले. तिचा हात बाईंच्या हातावर पडला होता तो तिने काढला नाही. चहा आला, बाईंनी तो डाव्या हाताने प्यायला.

निघालो तेव्हा जिन्यात मला राहवेना. "बाई, तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं तिला."

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणून तर एवढी ओरडायची. तिला कुणीतरी 'नाही' म्हणायला हवं होतं गं. आणि ते मी म्हटल्याशिवाय तिला पटलं नसतं."

एवढं बोलून त्या उतरायला लागल्या. मी वरच्या पायरीवर तशीच उभी. मनात आलं, हिला 'नाही' कोण म्हणणार? आई गेली, भाऊ कॅनडात. ती दुपार बघितलेली माणसं आता तीन, त्यातलं एक वर शेवटचे श्वास मोजतंय. राहिले मी. मी मोठ्याने म्हटलं, इतक्या मोठ्याने की खालच्या मजल्यावरच्या बाया दारात आल्या, "बाई, तुमची चूक नव्हती! तुमची आई पडली होती. कुणीही उठलं असतं. तुमची चूक नव्हती."

बाई थांबल्या. वळल्या नाहीत. पाठ तशीच माझ्याकडे, हात कठड्यावर.

"ही पायरी मोडकी आहे, परब," म्हणाल्या. "बघून उतर."

आणि हळूहळू खाली गेल्या. मी गॅलरीत धावले. त्या चाळीच्या फाटकातून बाहेर पडल्या, रस्त्याच्या कडेला उभ्या राहून दोन्ही बाजूंना पाहिलं आणि गर्दीत शिरल्या. एकट्याच.